बेरीबेरी आणि जपानी नौदल

आहारातल्या कमतरतेने खलाशांना होणारा स्कर्व्ही लिंबाच्या रसाने बरा झाला, ती गोष्ट छानच आहे, पण मला तशाच बेरीबेरी या आजाराचा जपानी नौदलातला किस्सा जास्त भारी वाटतो, कारण तिथे घात केला तो आपल्यासारख्याच पांढऱ्याशुभ्र भाताने! १८८२-८३ मध्ये र्‍युजो नावाची युद्धनौका न्यूझीलंड, पेरू, हवाई असा लांब फेरा मारून आली, जहाजावर ३७६ माणसं, त्यातली १६९ बेरीबेरीने आजारी आणि २५ गेली. म्हणजे आधी पाय बधिर, मग पोटऱ्या सुजलेल्या, बोट दाबलं की खड्डा तसाच राहणार, शेवटी हृदयच हात टेकतं. ताकाकी कानेहिरो हा नौदलाचा डॉक्टर, लंडनला शिकून आलेला, त्याच्या लक्षात आलं की अधिकाऱ्यांना हा आजार फारसा होत नाही, खलाशांनाच होतो, आणि ते नुसता भातच हाणतात. मग १८८४ मध्ये त्याने त्सुकुबा जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवलं, फक्त जेवणात मांस, ब्रेड, भाज्या वाढवल्या. आजारी मोजके, बेरीबेरीने मेला एकही नाही!

गंमत म्हणजे त्याला वाटत होतं प्रोटीन कमी पडतंय, खरं तर कमी पडत होतं थायमिन, म्हणजे तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर निघून जाणारं बी-१ जीवनसत्त्व, पण ते तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. खलाशांना ब्रेड काही आवडेना, मग भातात जव मिसळायला लागले. लष्करातल्या डॉक्टरांनी मात्र हे मानलंच नाही, हा जंतूंचाच आजार म्हणून अडून बसले, आणि रशिया-जपान युद्धात हजारो सैनिक याच आजाराने गेले. हातसडीच्या तांदळाला नाकं मुरडणारे आमच्या घरातही आहेत म्हणा.