मदत हवी आहे : फिरत्या दवाखान्याला सीएसआर निधी, अर्ज परत आलाय

वाडीवस्ती : आमची संस्था भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवर फिरता दवाखाना चालवते. डिझेल आणि औषधं आजवर देणग्यांवर भागली, आता भागत नाही. बीपीच्या गोळ्या संपत आल्या की म्हाताऱ्या एकेक गोळी अर्धी करून खातात. पिंपरीतली एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च) पैसे द्यायला तयार आहे, पण "कागद अपुरे" म्हणून अर्ज परत आला. मार्च तोंडावर आलाय. नक्की काय लागतं तेवढं सांगा, भाषणं नकोत.

कागदवाला : कोणते कागद अपुरे? ट्रस्ट की कलम ८ची (ना-नफा) कंपनी? सीएसआर-१ (निधी घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा फॉर्म) भरलाय? काहीच न सांगता नक्की काय सांगायचं?

चिंचवडी : सीएसआरच्या नादाला लागू नका, नुसते हेलपाटे. लोकवर्गणी काढा. आमच्या मंडळाने अशीच रुग्णवाहिका उभी केली.

कागदवाला : रुग्णवाहिका एकदाच घ्यायची असते हो. डॉक्टरांचा पगार दर महिन्याला लागतो.

चिंचवडी : ती चालवायलाही लागतो. करून बघा कधीतरी.

वाडीवस्ती : ट्रस्ट आहे, १९९८चा. ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे. बाकीचं सीए बघतात.

कागदवाला : बाकीचं म्हणजेच सगळं! १ एप्रिल २०२१पासून सीएसआरचा पैसा घ्यायचा तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-१ भरून नंबर घ्यावा लागतो. ट्रस्टला १२ए (संस्थेची आयकरमाफीची नोंदणी) आणि ८०जी दोन्ही हवं, आणि जुनं १२ए चालत नाही, नव्याने नोंदणी घ्यावी लागली होती. ती झालीय का? शिवाय अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, म्हणून ऑडिट केलेले हिशेब आणि कामाचे अहवाल जोडा.

सुमनताई_कोथरूड : आणि बजेटमध्ये पगार, डिझेल लपवू नका. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या नर्सच्या पगाराला नाही.

चिंचवडी : चूक. आमच्या ओळखीतल्या संस्थेला कंपनीनेच पाच टक्के सांगितले.

सुमनताई_कोथरूड : कंपनी बोलली म्हणजे कायदा झाला का? सीएसआर नियमांतला नियम ७ वाचा. कंपनीने स्वतःची अट घातली असेल तर ती करारात दिसेल, तिथे घासाघीस करा.

मुळशीकर : परदेशी निधी का नाही बघत? एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची परवानगी) काढा.

कागदवाला : मार्च तोंडावर आलाय म्हणतायत ते, आणि तुम्ही त्यांना एफसीआरएला लागणारं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेत उघडायला पाठवताय.

घाटवेडा : भोरचा विषय निघालाच आहे तर, वरंध घाट चालू आहे का? शनिवारी महाडला जायचंय.

वाडीवस्ती : सीएंना विचारलं. १२ए नवं घेतलेलं आहे. सीएसआर-१ अडकलाय सहीवर. अध्यक्ष वारले, नवे नेमले, पण धर्मादाय आयुक्तांकडच्या बदल अर्जाचा (विश्वस्त बदलल्याची नोंद) निकाल यायचाय.

कागदवाला : अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! अध्यक्षांचीच सही लागते असं नाही. शेड्यूल १वर (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद) नाव असलेल्या दुसऱ्या विश्वस्ताला ठराव करून अधिकार द्या, त्यांची डिजिटल सही काढा. फॉर्म सीएंनी प्रमाणित केला की झालं.

वाडीवस्ती : ठराव उद्याच घेतो. डिजिटल सही पुण्यात लवकर कोण काढून देतं? सदाशिव पेठेच्या आसपास असेल तर बरं.