मदत हवी आहे: औंधच्या भवानी संग्रहालयात गुडघेदुखीच्या माणसाला नेता येईल का?

बाबांना (वय 76) सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय दाखवायचंय. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर बांधलेलं. बाबांना राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे शिल्प एकदा समोर उभं राहून बघायचंय. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातली, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती त्यांनी आम्हाला लहानपणी कितीदा दाखवली, त्यामुळे हे मला मनापासून करायचंच आहे.

अडचण गुडघ्यांची. घरच्या जिन्याच्या बारा पायऱ्या ते कठड्याला धरून, मध्ये एकदा थांबून चढतात. कठडा नसेल तर एक पाय उचलून तसेच उभे राहतात.

कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने कराड, पुसेसावळीमार्गे जाऊन त्याच दिवशी परत यायचंय. रेल्वेने रहिमतपूरला उतरायचा विचार केला होता, पण पुढे एसटीची चढउतार त्यांना झेपणार नाही. वरच्या यमाईच्या मंदिरापर्यंत जायचा आग्रह नाही, पायथ्याच्या देवळात दर्शन घेऊ.

नकाशात डोंगरावर जाणारा रस्ता दिसतो. मावसभाऊ म्हणतो गाडी दारापर्यंत जाते, शेजारचे काका म्हणतात पायऱ्या चढाव्याच लागतात. दोघेही गेले त्याला पंधरा वर्षं झाली. नेटवर मिळालेला नंबर बंद आहे.

गेल्या वर्षभरात कुणी गेलं असेल तर कृपया सांगा: गाडी थांबते तिथून संग्रहालयाच्या दारापर्यंत नेमक्या किती पायऱ्या आहेत, धरायला कठडा आहे का, आणि सोमवारी उघडं असतं का?