श्वास बारीक होतो, प्रकाश दिसतो आणि तिथेच सगळं मोडतं. मदत हवी आहे

नमस्कार. गेली चार वर्षं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, करते आहे. रोज पहाटे एक तास, जमलं तर संध्याकाळी अर्धा. दहा दिवसांची तीन शिबिरं झाली, पण तिथे समाधीच्या पुढच्या टप्प्यांबद्दल फारसं बोलणं झालं नाही. विचारायला जवळ कोणी नाही, म्हणून इथे लिहिते.

साधारण चाळीस मिनिटांनी श्वास इतका बारीक होतो की चालू आहे की थांबलाय तेच कळत नाही. नाकपुडीच्या कडेला केस टेकावा एवढी जाणीव उरते. मग मिटल्या डोळ्यांपुढे धुरासारखं करडं काहीतरी येतं, हळूहळू पांढरं होतं, पिंजलेल्या कापसासारखं दिसू लागतं. पाठीतून लाट उठते, अंगावर काटा येतो, छाती धडधडते. मनात येतं, ‘हेच ते!’ आणि दुसऱ्या क्षणी मी नुसती डोळे मिटून बसलेली असते.

दोन महिन्यांपूर्वी एकदाच ते मोडलं नाही. हात कुठे आहेत ते कळेना. सगळं अंग आतून भिजल्यासारखं झालं होतं. कुठेतरी दार आपटलं, ते ऐकू आलं, पण मन हललं नाही. पाचेक मिनिटं झाली असतील असं वाटलं. घड्याळात पस्तीस गेली होती. त्यानंतर दोन दिवस कोणावर राग म्हणून आला नाही. पण तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मी त्याचीच वाट बघते, आणि आता तर पूर्वीइतकाही श्वास टिकत नाही. परवा उठताना रडू आलं.

वितक्क (मन विषयावर नेणं), विचार (ते तिथे टिकवणं), पीती (आनंदाची लहर), सुख, एकग्गता (एकाग्रता) ही पहिल्या झानाची, म्हणजे खोल समाधीच्या पहिल्या पायरीची, पाच अंगं पाठ आहेत, पण स्वतःच्या अनुभवावर ती कशी ताडून बघायची ते कळत नाही. तो अनुभव पहिलं झान होता की नुसती उपचार समाधी, झानाच्या उंबरठ्यावरची? आवाज ऐकू आला म्हणजे झान नव्हतंच का? प्रकाश आला की त्याच्याकडे बघायचं की श्वासच धरून ठेवायचा? कृपया अनुभवी साधकांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आवाजाचं आधी सांगतो. अंगुत्तर निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, त्याच्या दसक निपात या भागात, पहिल्या झानाला आवाज हा काटा म्हटलंय. काही आचार्य म्हणतात, झानात आवाज ऐकूच येत नाही. काहींच्या मते ऐकू येतो, पण बोचला तर झान मोडतं. हा वाद जुना आहे, तुमच्या एका बैठकीवरून सुटणार नाही. विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथातली कसोटी मला जास्त उपयोगी वाटते: उपचारात चित्त उभं राहतं आणि पडतं, नुकत्याच उभ्या राहणाऱ्या बाळासारखं. अप्पनेत, म्हणजे पूर्ण झानाच्या समाधीत, ते धडधाकट माणसासारखं दिवसभर उभं राहू शकतं. तुमचं रोजचं वर्णन बाळाचं आहे. त्या पस्तीस मिनिटांना नाव देण्याची घाई नको.

प्रकाशाकडे वळू नका. तो कच्चा असताना बघायला गेलं की विरतो. श्वासापाशीच राहा, निमित्त (ध्यानात दिसणारी ही खूण, म्हणजे तुमचा प्रकाश) पक्कं झालं की ते आणि श्वास वेगळे राहत नाहीत, मन आपोआप तिथे बसतं. ‘त्याचा आकार कसा, रंग कसा’ हे तर बघूच नका. कोणाला ते ताऱ्यासारखं दिसतं, कोणाला मोत्यांच्या सरीसारखं, कोणाला धुराच्या लोटासारखं. ज्याची त्याची सञ्ञा, म्हणजे मनाची ओळखण्याची रीत, वेगळी.

प्रतिसाद २

धडधडीबद्दल. पीतीचे पाच प्रकार सांगितलेत. नुसता रोमांच उभा करणारी खुद्दिका, विजेसारखी क्षणभर चमकणारी खणिका, किनाऱ्यावर लाटांसारखी येऊन फुटणारी ओक्कन्तिका, शरीर उचलून धरणारी उब्बेगा आणि सगळ्या अंगात भरून राहणारी फरणा. तुम्ही लाटांपाशी आहात. मलाही वर्षभर तिथेच अडकायला झालं होतं. लाट आली की तिला थोपवू नका आणि तिच्यामागे जाऊही नका, खांदे सैल सोडा. मात्र बैठकीबाहेरही धडधड राहत असेल किंवा झोप उडत असेल, तर साधना कमी करून डॉक्टरांना दाखवा. हे टाळू नका.

आणि ताई, रडू आलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वाट बघणं हाही कामच्छंदच, म्हणजे सुखाची हावच आहे, फक्त त्याचा विषय सूक्ष्म आहे. अंगुत्तर निकायात डोंगरातल्या अडाणी गाईची उपमा आहे. पुढचा पाय नीट न रोवता मागचा उचलते, नवीन कुरणही मिळत नाही आणि जुन्या जागी सुखरूप परतताही येत नाही. तुमचा पुढचा पाय म्हणजे ती चाळीस मिनिटं. महिनाभर प्रकाशाचा विचारच सोडा, श्वासाचा बारीक स्पर्श सलग किती वेळ सुटत नाही एवढंच बघा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गाईची उपमा वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. उद्यापासून प्रकाशाकडे बघणार नाही. एकच विचारते: श्वास अजिबात जाणवेनासा होतो तेव्हा मी मुद्दाम एक जोराचा श्वास घेते, म्हणजे स्पर्श सापडतो. हे करू की नको?

प्रतिसाद १

नको. जिथे शेवटचा स्पर्श होता तिथेच लक्ष ठेवून थांबा. तुम्ही जिवंत आहात, श्वास चालूच आहे. मन पुरेसं बारीक झालं की तो पुन्हा सापडतो.