शिकाऊ उमेदवारी कायदा: ८० माणसांच्या कारखान्याने किती अप्रेंटिस घ्यायचे, सरकार काय तपासते आणि किती पैसे देते?

शॉपफ्लोअर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मशीनिंगचा कारखाना आहे, महाराष्ट्रात एकच युनिट. पटावर ५२ कायम कामगार आणि ठेकेदारामार्फत २८, असे एकूण ८०. आतापर्यंत मुलांना 'ट्रेनी' म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर नेमणूकपत्र दिले जाते. आता बीटीआरआय केंद्राकडून (शिकाऊ उमेदवारी पाहणारे राज्य सरकारचे कार्यालय) लेखी नोटीस आली आहे: शिकाऊ उमेदवार का नेमले नाहीत, खुलासा करा.

१) सक्तीचा आकडा नेमका किती? कंत्राटी माणसे धरायची का?
२) सरकार विद्यावेतनाचा वाटा देते म्हणतात, तो कसा आणि कोणाला मिळतो?
३) तपासणीला आल्यावर काय पाहतात?
४) मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुले घेतली तर ती यात मोजतात का?

कलम_चार

कंत्राटी धरायचीच. २०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे कायम आणि कंत्राटी मिळून ३० किंवा जास्त माणसे असतील तर शिकाऊ घेणे सक्तीचे आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. प्रमाण एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. म्हणजे तुमच्याकडे किमान २, कमाल १२. हिशेब आर्थिक वर्षाचा आणि 'शिकाऊ-महिन्यां'त होतो, त्यामुळे किमान २ म्हणजे वर्षाला २४ शिकाऊ-महिने. मार्चमध्ये दोन मुले दाखवून वर्ष भरून निघत नाही.

नोटिशीला घाबरू नका, पण ती फाइलला लावून विसरूही नका. कलम ३० प्रमाणे खुलाशासाठी एक महिन्याची मुदत असते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर दंड. २०१४ च्या दुरुस्तीने कैदेची तरतूद गेली, पण दंडाची मोजणी बसवली: कमी पडलेल्या प्रत्येक शिकाऊ-महिन्याला पहिले तीन महिने ५०० रुपये, पुढे जागा भरेपर्यंत १,००० रुपये. दोन्ही जागा वर्षभर रिकाम्या राहिल्या तर ३,००० अधिक १८,००० असे २१,००० होतात. रक्कम फार मोठी नाही आणि म्हणूनच बरेच कारखाने दुर्लक्ष करतात. ते महागात पडते, कारण खरा खर्च लेटरहेडवरच्या ट्रेनींमध्ये दडलेला असतो.

तो असा. नोंदणीकृत करार असलेला शिकाऊ हा कलम १८ प्रमाणे प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, आणि त्याला पीएफ-ईएसआय लागत नाही. तुमच्या लेटरहेडवरच्या मुलाला ही सूट आपोआप मिळत नाही. तो मशीनवर उभा असेल, हजेरीपटावर असेल, दरमहा पैसे घेत असेल, तर पीएफचा अधिकारी त्याला कर्मचारीच मानणार, आणि मग किमान वेतनाचा प्रश्नही पाठोपाठ येतो. नेमणूकपत्रात 'ट्रेनी' लिहिले म्हणून तो शिकाऊ होत नाही. करार शिकाऊ सल्लागाराकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवला गेला की नाही, एवढेच पाहिले जाते.

आता अधिकार कोणाचा. एका राज्यातली खासगी आस्थापना राज्याच्या अखत्यारीत येते, म्हणजे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय आणि त्याच्याखालची बीटीआरआय केंद्रे. चार किंवा अधिक राज्यांत कामकाज असलेली कंपनी केंद्राच्या अखत्यारीत जाते आणि तिथे प्रादेशिक संचालनालय पाहते. नोटिशीचे उत्तर ज्या कार्यालयाची सही आहे तिथेच द्या. उत्तरात नुसते 'लवकरच नेमू' लिहू नका. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवरचा आस्थापनेचा नोंदणी क्रमांक, कोणत्या व्यवसायात किती जागा काढल्या आणि मुले कोणत्या तारखेपासून रुजू होणार, हे तिन्ही लिहा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. २०२४ ची ती योजना वेगळी. तिथे राज्य सरकार बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये थेट देते. पण शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ खालचा करार त्यात नसतो, म्हणून २.५ टक्क्यांत ती मुले दाखवता येत नाहीत.

खतावणी

पैशाचे बोलतो.

२०१९ च्या नियमांतले किमान विद्यावेतन दरमहा असे: पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी ७,०००, आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे बजेट करताना जुना आकडा डोक्यात धरून बसू नका, करार तयार करायच्या दिवशी पोर्टल जो किमान दर घेते तो धरा.

राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत, म्हणजे नॅप्समध्ये, सरकारचा वाटा किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५००. इथे हिशेब चुकतो. आयटीआय फिटरच्या ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, मिळतात १,५००. कंपनीचे ५,५००. तुम्ही त्याला ९,००० दिले तरी सरकारचे १,५०० च आणि तुमचे ७,५००. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाची नॅट्स ही वेगळी योजना आहे, तिचे पोर्टल वेगळे, पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत. तिथे किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकारचा: ९,००० तले ४,५००, ८,००० तले ४,०००.

पूर्वी नॅप्समध्ये कंपनी पूर्ण पैसे द्यायची आणि नंतर परताव्याचा दावा करायची. ऑगस्ट २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. कंपनीने आपला वाटा बँकेतून द्यायचा आणि पोर्टलवर त्या महिन्याची हजेरी व भरणा नोंदवायचा, मग पुढची चाके फिरतात. तुम्ही नोंद टाकली नाही तर मुलाचे १,५०० अडकतात, आणि तो ते तुमच्याकडेच मागणार. नियमाप्रमाणे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचे असते. पोर्टलची नोंदही त्याच दिवशी उरका.

पैसे न येण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण आधार. खात्याला आधार 'जोडलेला' असणे वेगळे आणि थेट लाभासाठी आधार 'सीड' केलेला असणे वेगळे. पहिले केवायसीपुरते असते. दुसरे एनपीसीआयच्या (बँकांमधले पेमेंट व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत जाते आणि तिथे एका आधारला एकच बँक असते, शेवटी संमती दिलेली. मुलाने मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडून तिथे संमतीच्या रकान्यात खूण केली की १,५०० त्या खात्यात जायला लागतात, आणि तो म्हणतो पैसे आलेच नाहीत. रुजू होतानाच त्याच्याकडून सीडिंगची स्थिती पाहून घ्या. आधारवरचे नाव आणि आयटीआय प्रमाणपत्रावरचे नाव यात वडिलांच्या नावाचा किंवा एखाद्या वेलांटीचा फरक असेल तर तो करारापूर्वी दुरुस्त करा. करार झाल्यावर ते फार त्रासाचे होते.

नैमित्तिक आणि वैद्यकीय रजेचे पैसे कापता येत नाहीत. असाधारण रजेचे देणे लागत नाही. नगावर, म्हणजे पीस रेटवर, पैसे देणे कायद्यानेच बंद आहे (कलम १३). उत्पादन बोनसमध्येही शिकाऊला ओढायचे नाही.

शिल्पनिदेशक

वरच्या दोघांनी आकडे नीट सांगितले. पण तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण ही सगळी देखरेख त्या मुलाला हात बसावा म्हणून आहे. तो वर्षभर फक्त बर (कापल्यावर धातूच्या कडेला राहणारी खडबडीत धार) काढत राहिला तर १,५०० रुपयांचा आधार सरकारने कशाला द्यायचा?

तपासणीला येणाऱ्याला कलम २९ प्रमाणे आत येऊन पाहण्याचा, नोंदी मागण्याचा आणि माणसांशी बोलण्याचा अधिकार आहे. कागद म्हणून तो करारनामे, हजेरी, बँकेतून गेलेले विद्यावेतन, प्रशिक्षणाचा आराखडा आणि शिकाऊची लॉगबुक मागतो. अनुभवी अधिकारी आधी लॉगबुक उघडतो आणि मग मुलाला त्यातलेच काहीतरी विचारतो.

बहुतेक लॉगबुकमध्ये 'मशीन शॉप, ८ तास' असे महिनाभर एकाच पेनने लिहिलेले असते. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. टर्नरच्या मुलाची नोंद अशी हवी: '४० मिमी एमएस बार, दोन सेंटरमध्ये धरून स्टेप टर्निंग, ३८ आणि ३२ मिमी, टॉलरन्स ०.०५. मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना मोजले, ३२ च्या पायरीवर टेपर आला. टेलस्टॉक सरकलेला होता, तो जुळवून पुन्हा कट घेतला.' खाली सुपरवायझरची सही, त्याच दिवसाची. काम काय, माप काय, चुकले कुठे, सुधारले कसे, हे चार ओळींत आले की ते प्रशिक्षण झाले. आणि हीच वही पुढे अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेच्या तयारीला त्या मुलाच्या कामी येते. ती परीक्षा पास झाल्यावरच राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नुसते वर्ष काढून मिळत नाही.

तुमच्यासारख्या कारखान्यात नेहमी अडखळणाऱ्या जागा सांगतो.

व्यवसाय एक, काम दुसरे. करार फिटरचा आणि मुलगा वर्षभर सीएनसीवर जॉब लावतो-काढतो. प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम देणे हा वेगळा भंग आहे, प्रत्येक वेळेला १,००० रुपयांपर्यंत दंड. फिटर असेल तर बेंच, असेंब्ली, देखभाल आणि तपासणी असे फिरवा आणि फिरवण्याच्या तारखा आराखड्यात आधीच लिहा. उत्पादन अडले की सगळ्यात आधी हा फेरा मोडतो. तो मोडू नये म्हणून एका माणसावर जबाबदारी द्या, आणि तो माणूस उत्पादनाच्या टार्गेटला बांधलेला नसावा.

आयटीआय न केलेला मुलगा थेट शॉपमध्ये. ज्याने त्या व्यवसायाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही त्याला आधी मूलभूत प्रशिक्षण लागते, मग प्रत्यक्ष काम. त्याच व्यवसायातल्या आयटीआय उत्तीर्णाला ते लागत नाही. तुमच्याकडे स्वतंत्र प्रशिक्षण विभाग नसेल तर पहिल्या तुकडीला आयटीआयवालेच घ्या, हे माझे स्पष्ट मत.

सुरक्षितता. कामगार नसला तरी आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या बाबतीत शिकाऊला कामगाराइतकेच संरक्षण आहे. अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची (कलम १६). ईएसआय नाही, म्हणजे ही जोखीम पूर्ण तुमच्यावर. कामगार भरपाईची विमा पॉलिसी असेल तर तिच्यात शिकाऊ मोजलेले आहेत का, ते आजच पाहा. पुष्कळदा नसतात. वयाची अट १४ पूर्ण, धोकादायक उद्योगातल्या व्यवसायांना १८.

शॉपफ्लोअर

खूप आभार. अजून तीन शंका. सध्याच्या ट्रेनींचे करार मागच्या तारखेने करता येतील का? शिकाऊला ओव्हरटाइम चालतो का? आणि मध्येच सोडून गेला तर?

कलम_चार

मागची तारीख अजिबात नाही. करार ज्या दिवशी होतो त्या दिवसापासून प्रशिक्षण सुरू झाले असे कायदा मानतो. कराराचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर भरायला हवा. मागचे महिने मागेच राहतात आणि त्यांची पीएफ-ईएसआयची बाजू वेगळी निस्तरावी लागते. ती सल्लागाराच्या खुलाशात घुसवू नका.

ओव्हरटाइम सल्लागाराच्या मंजुरीशिवाय नाही, आणि मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच. डिस्पॅच अडकले हे कारण तिथे चालत नाही.

सोडून गेला तर पोर्टलवर करार रीतसर संपवा. हे काम कंपन्या टाळतात आणि मुलाचे नुकसान होते: जुना करार 'चालू' दिसतो आणि दुसरी आस्थापना त्याचा नवा करार करू शकत नाही. कोणत्याही बाजूला करार मोडायचा असेल तर कलम ७ प्रमाणे सल्लागाराकडे अर्ज करायचा. कंपनीच्या चुकीमुळे मोडला तर कंपनीला भरपाई द्यावी लागते, मुलाच्या चुकीमुळे मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून मागता येतो.

आयटीआय_पालक

यातच विचारते. मुलगी इलेक्ट्रिशियन झाली आहे. एक कंपनी अप्रेंटिस म्हणून घेताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेते आणि नंतर दोन वर्षे तिथेच नोकरीचा बाँड मागते. हे बरोबर आहे का?

शिल्पनिदेशक

ताई, मूळ प्रमाणपत्रे देऊ नका. शिकाऊ उमेदवारी कायद्याने मालकाला तसा अधिकार दिलेला नाही. मूळ कागद पडताळून परत करायचे आणि झेरॉक्स ठेवायची.

बाँडचे असे आहे: प्रशिक्षणानंतर नोकरी देणे मालकावर सक्तीचे नाही. मात्र नंतर तिथेच काम करण्याची अट करारात असेल तर ती दोघांना बांधते, म्हणजे मालकालाही योग्य नोकरी द्यावीच लागते (कलम २२). काळ किंवा पगार अवाजवी असेल तर सल्लागार तो बदलू शकतो. वेगळ्या स्टँप पेपरवर एकतर्फी लिहून मागत असतील तर सही करू नका. आधी मुलीच्या पोर्टलच्या लॉगिनमध्ये करार क्रमांक आलाय का आणि व्यवसायासमोर इलेक्ट्रिशियनच लिहिलंय का, ते पाहा. तिथे क्रमांक नसेल तर अजून ती शिकाऊ झालेलीच नाही. तक्रार करायची तर जवळच्या बीटीआरआय केंद्रात सहायक शिकाऊ सल्लागाराकडे लेखी द्या आणि पोच घ्या. निर्णय पटला नाही तर कळल्यापासून ३० दिवसांत शिकाऊ परिषदेकडे अपील करता येते, त्यामुळे निर्णय हातात पडल्याची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा.