मदत हवी आहे : एअरस्पीड ऑक्सफर्डच्या पाठीवर टरेट ठेवायचा की काढायचा?

सुतारपक्षी :
नमस्कार. एअरस्पीड ऑक्सफर्ड या दोन इंजिनांच्या जुन्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचे बाल्सा या हलक्या लाकडाचे उडते मॉडेल मी करीत आहे. माझ्याजवळ दोन आराखडे आहेत. एकात धडाच्या पाठीवर, पंखांच्या मागे, बंदुकीचा टरेट, म्हणजे फिरता घुमट, दाखविला आहे, तर दुसऱ्यात त्या जागी पाठ सरळ शेपटीपर्यंत गेली आहे. यांपैकी चुकीचा आराखडा कोणता, एवढेच मला हवे आहे. पाठीच्या पट्ट्या चिकटविण्याचे काम त्यावाचून अडले आहे, तेव्हा विमानाचा इतिहास न सांगता 'ठेवा' किंवा 'काढा' असे थेट उत्तर द्यावे, ही विनंती.

शंकासुर :
दोन्ही आराखडे बरोबर असू शकतात, त्यामुळे आपल्याला नको असलेला इतिहास थोडा तरी सांगावा लागेल. ऑक्सफर्ड पहिल्यांदा उडाले ते १९ जून १९३७ रोजी. त्याच्या मार्क १ या प्रकारावर आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीचा टरेट होता, कारण वैमानिकांबरोबरच बंदूक चालविणारे आणि बॉम्ब टाकणारे यांनाही त्याच विमानात शिकवायचे होते. मार्क २ हा वैमानिक, दिशादर्शक आणि रेडिओचालक यांच्यासाठी असल्याने त्यावर टरेट बसविलाच नाही. शिवाय मार्क १ च्या अनेक विमानांवरील टरेट पुढे उतरविण्यात आले. आपले मॉडेल कोणत्या मार्कचे आणि कोणत्या वर्षातले आहे? प्रमाण काय धरले आहे?

मुळेकाका :
माझे ऐकाल तर ऑक्सफर्डचा नाद सोडा आणि अ‍ॅव्हरो अ‍ॅन्सन करा. इंजिने त्याच चीता जातीची, काळही तोच, पण विमान कितीतरी सालस. खऱ्या अ‍ॅन्सनची चाके वर घेण्यासाठी हँडलाचे १४० हून अधिक फेरे मारावे लागत, म्हणून जवळच्या उड्डाणात वैमानिक ती सरळ खालीच ठेवीत. तुम्हीही चाके कायम खाली ठेवलीत तरी मॉडेल खोटे ठरणार नाही आणि चाके आत घेण्याच्या यंत्रणेचा खर्च वाचेल.

शंकासुर :
काका, प्रश्न ऑक्सफर्डचा आहे. अ‍ॅन्सन हे प्रवासी विमानावरून किनाऱ्याच्या टेहळणीसाठी घडविले गेले आणि प्रशिक्षणाकडे नंतर वळले. ऑक्सफर्डचा वंशही एन्व्हॉय या प्रवासी विमानाचाच, हे मान्य आहे, परंतु त्याची रचना मुळातच शिकाऊंसाठी केलेली होती. पुढे मोठी बॉम्बफेकी विमाने हाताळणाऱ्याला सालस विमानावर शिकवून काय साधणार?

मुळेकाका :
शिकणारा जिवंत राहतो, हे साधते.

अवजार :
दोन इंजिनांच्या मॉडेलमध्ये खरा धोका वेगळाच असतो आणि त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. उड्डाण घेताना एक मोटर थांबली, तर विमान बंद पडलेल्या बाजूकडे वळते आणि वेग कमी असेल तर त्याच बाजूला कोसळते. अशा वेळी चालू मोटरची शक्ती ताबडतोब कमी करावी, नाक थोडे खाली घ्यावे आणि समोर मिळेल त्या जागी उतरावे. मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह धरू नये. दोन्ही ब्रशलेस (विजेच्या) मोटरींना वेग सांभाळणारे स्वतंत्र कंट्रोलर द्यावेत आणि जमिनीवर दोन्हींचे फेरे जुळवून घ्यावेत.

सुतारपक्षी :
मोटरींविषयी मी काहीही विचारलेले नाही. प्रमाण १:८ आहे, म्हणजे पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर होतो. मार्क कोणता हे मला ठाऊक असते, तर प्रश्न विचारलाच नसता. ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन यांचे विमान करीत आहे, एवढे पुरेसे व्हावे.

शंकासुर :
हे पहिल्याच ओळीत लिहिले असते, तर आपल्या पट्ट्या एव्हाना चिकटल्याही असत्या. एमी जॉन्सन यांचे ते विमान मार्क २ होते आणि त्याचा क्रमांक व्ही ३५४० होता. टरेट काढा. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी या लष्करी विमाने पोहोचविणाऱ्या संस्थेसाठी ५ जानेवारी १९४१ रोजी हे विमान ब्लॅकपूलहून ऑक्सफर्ड शहराजवळच्या किडलिंग्टनला पोहोचविण्यास त्या निघाल्या, खराब हवेत वाट चुकल्या आणि टेम्सच्या मुखाजवळ हवाईछत्रीने पाण्यात उतरल्या. त्यांना वाचविण्यासाठी एचएमएस हॅसलमियर या जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी पाण्यात उडी घेतली. तेही वाचले नाहीत आणि एमींचा मृतदेह कधीच मिळाला नाही.

रेवती_ग :
या बाईंचा आपल्याकडचा एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. मे १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकट्या जात असताना त्या कराचीहून अलाहाबादकडे निघाल्या होत्या, परंतु इंधन पुरेना म्हणून त्यांनी विमान झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरविले. ते विमान अर्थातच ऑक्सफर्ड नव्हते. एका इंजिनाचे ते छोटे जिप्सी मॉथ आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

अवजार :
टरेट काढण्याचा निर्णय वजनाच्या दृष्टीनेही हिताचा आहे. तो गुरुत्वमध्याच्या मागे येत असल्याने त्याचे वजन तोलण्यासाठी नाकात शिसे भरावे लागले असते.

सुतारपक्षी :
आभारी आहे. टरेट काढतो. आता रंग सांगावा. एका ठिकाणी संपूर्ण पिवळे विमान पाहिले, दुसरीकडे हिरवे-तपकिरी. कॉकपिटमध्ये काय दाखवावे, तेही सांगावे. काचा मोठ्या आहेत, आतले सगळे दिसते.

शंकासुर :
संपूर्ण पिवळा रंग हा युद्धापूर्वीच्या प्रशिक्षण विमानांचा. जानेवारी १९४१ साठी वरच्या बाजूला गडद तपकिरी व गडद हिरवे पट्टे आणि पोटाला पिवळा रंग धरावा. धडावरच्या लाल-पांढऱ्या-निळ्या वर्तुळाला बाहेरून पिवळे कडे द्यावे आणि क्रमांक काळ्या अक्षरांत लिहावा. कॉकपिटमध्ये दुहेरी नियंत्रणे हवीत. त्यांच्याबरोबर पंख्याच्या पात्यांचा कोन बदलण्याचा दांडा अवश्य दाखवा. बहुतेक ऑक्सफर्डचे पंखे स्थिर कोनाचे असल्याने तो दांडा हलवून काहीच बदलत नसे, तरीही उतरण्यापूर्वी तो 'फाइन'कडे, म्हणजे पात्यांच्या कमी कोनाकडे, ढकलावाच लागे, कारण पुढच्या मोठ्या विमानात ते विसरून चालणार नव्हते.

मुळेकाका :
पंखे लाकडी दाखवा. बाजारात मिळणारे काळे प्लास्टिकचे पंखे तसेच लावाल, तर एवढ्या कष्टाने केलेल्या क्रमांकाकडे कोणी पाहणार नाही.