जुन्या ट्रॅक्टरचे कॉम्प्रेशन कमी झाले आहे, इंजिन पूर्ण उघडावे का?

प्रश्न (कोपरगाव):
नमस्कार. माझ्याकडे 1994 सालचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय तो सुरू होत नाही, सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटे मिसिंग करतो आणि तेवढा वेळ सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. गरम झाल्यावर चालतो, पण नांगराला पूर्वीची ओढ राहिलेली नाही. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) तपासून आणले आहेत, बॅटरी नवी आहे. मिस्त्रींनी केवळ आवाजावरून लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि पिस्टन बदलायला सांगितले आहे. खर्चाला माझी ना नाही, परंतु दोष नक्की कोठे आहे हे कळल्याशिवाय वडिलांच्या हातचे हे इंजिन उघडायला मन धजत नाही.

उत्तर 1:
आपले मन धजत नाही तेच योग्य आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. हा दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन, कमी पडला की थंड इंजिनात ते अर्धवट जळते आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडते. आधी दुबळे सिलिंडर शोधा: इंजिन संथ चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट एकेक करून थोडा सैल करा, मात्र फवाऱ्यापासून हात आणि डोळे दूर ठेवा. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, ते काम करत नाही. त्यानंतर इंजिन गरम करून, तिन्ही नोझल काढून, डिझेल बंद करणारी स्टॉपची दांडी ओढलेली ठेवून डिझेलचाच कॉम्प्रेशन गेज लावा. पेट्रोल इंजिनाचा गेज एवढा दाब सोसत नाही. चांगल्या इंजिनात आकडा साधारण 350 ते 450 पीएसआयमध्ये (दाबाचे एकक) येतो, पण त्याहून महत्त्वाचा असतो तो सिलिंडरांमधला फरक.

प्रश्नकर्ता:
आज गेज लावला. पहिले सिलिंडर 380, दुसरे 375, तिसरे 240. नटाच्या चाचणीतही तिसरेच निघाले.

उत्तर 2:
दोन सिलिंडर जवळजवळ सारखी आहेत, म्हणजे सगळे इंजिन झिजलेले नाही. शेजारची दोन्ही एकदम पडली असती, तर त्यांच्या मधल्या हेड गॅस्केटवर (हेडखालच्या पॅकिंगवर) संशय घेतला असता. आता तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. अधिक टाकू नका. डिझेलच्या पिस्टनवर जागा फार थोडी उरते आणि ऑइल दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आकडा चांगला वर गेला तर रिंग-लायनरची झीज, जागेवरच राहिला तर वाल्व किंवा गॅस्केट. टॅपेटही पाहा, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या दांडीजवळची फट मोजा, ही पायरी पुष्कळ जण गाळतात.

प्रश्नकर्ता:
ऑइल टाकून आकडा 250 आला. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) सर्वांत पातळ पट्टीसुद्धा जाईना. पुस्तिकेप्रमाणे फट ठेवली, तरी दाब 260 च्या पुढे गेला नाही.

उत्तर 1:
मग निदान जवळ आले आहे. टॅपेटला फट नसल्याने वाल्व सीटवर (त्याच्या बैठकीवर) पूर्ण टेकला नाही आणि तिथल्या उघड्या जागेतून निसटणाऱ्या तप्त वायूने त्याची कड जाळली असावी. म्हणून आता फट दिली तरी हवा धरत नाही. खात्रीसाठी तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा आणि नोझलच्या जागेतून कॉम्प्रेसरची हवा सोडा. त्या वेळी इंजिन अचानक फिरू शकते, त्यामुळे पंख्याजवळ कोणी उभे राहू नये. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वाल्व, एअर क्लीनरकडून आली तर इनटेक वाल्व, ऑइल भरायच्या तोंडातून जोराने आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

प्रश्नकर्ता:
सायलेन्सरच्या तोंडावर तळहात धरला, हवा स्पष्ट लागली. बाकी सर्व ठिकाणी शांत आहे.

उत्तर 2:
तर फक्त हेड उतरवा. तिसऱ्याचा एक्झॉस्ट वाल्व बदला, सीट कापून घ्या, उरलेल्या वाल्वचे लॅपिंग करून (सीटवर घासून नीट बसवून) हेडची सपाटीही तपासून घ्या. हेड खाली असतानाच तिन्ही लायनरच्या वरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडेल एवढी पायरी लागली तर लायनरचे माप घेऊनच हेड बसवा.