मदत हवी आहे: निमरुदच्या शिल्पातला स्वयंपाक

मंडळी, निमरुद (प्राचीन असिरियाचं शहर, आजच्या इराकमध्ये) इथल्या राजवाड्यातलं, असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या काळातलं (इ.स.पू. ८८३-८५९) एक शिल्प सध्या डोक्यातून जात नाही. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गोल तटबंदीची छावणी वरून पाहिल्यासारखी कोरली आहे, आत चार भाग, आणि तिथे माणसं स्वयंपाकात गुंतलेली. शेजारी घोड्यांना खरारा चाललाय. लढाईच्या धामधुमीत शिल्पकाराला रांधणारी माणसं कोरावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं!

आता प्रश्न. मेजाशी वाकलेला माणूस मांस कापतोय, की शकुन पाहण्यासाठी बळी दिलेल्या जनावराची आतडी तपासतोय? शिवाय भट्टीला अक्कदी भाषेत (त्या काळच्या असिरियाच्या भाषेत) ‘तिनूरू’ म्हणत, आपल्या ‘तंदूर’चा पूर्वज, तशी भट्टी यात कुठे ओळखू येते का? लंडनमधल्या कुणाकडे जवळून काढलेले फोटो असतील तर कृपया पाठवा.